लाल राहिलेला फडका

“नळीला हात लावायच्या आधी नाव वाच, रुक्मिणी. नंबर नंतर. आधी नाव.”

चोवीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी दिलेली ही ताकीद रुक्मिणी मेस्त्रींनी जवळजवळ त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवली. मांडीवरची पर्स त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

“ते डॉक्टर आता नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण अजून प्रत्येक नळी उचलताना ते ऐकू येतात. शुक्रवारीही आले असतील. पण ताई, मी शपथेवर नाही सांगू शकत.”

मुलुंड पूर्वेला एका शिवणक्लासच्या वरच्या मजल्यावर मालन धुरींचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. खोली छोटी, दोन खुर्च्या, एक बाक. मालनताई पन्नाशीच्या. बोलणं इतकं हळू, की ऐकणाऱ्याला पुढे झुकावं लागे. बाकावर त्यांचे मावसभाऊ काशीराम घाडी बसलेले. बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते रोज इथे येत. मदतीला येतो असं त्यांचं म्हणणं.

“सुरुवातीपासून सांगा,” मालनताई म्हणाल्या.

रुक्मिणीबाई मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका जनुक-तपासणी प्रयोगशाळेत होत्या. रक्तातून काढलेला डीएनए एका नळीतून दुसऱ्या जागी थेंबाथेंबाने टाकायचा, हे त्यांचं काम. आता तेच काम करणारं यंत्र तिथे तयार झालं होतं. शुक्रवारी त्याची परीक्षा होती. शहाण्णव नमुने. तेच नमुने एकदा यंत्राने करायचे आणि एकदा रुक्मिणीबाईंनी हाताने. दोन्हींचे निकाल जुळले, की यंत्र पास.

“जुळले नाहीत,” काशीराम म्हणाले.

“शहाण्णवपैकी दहा चुकले. शनिवारी सगळ्यांना बोलावलं. सर म्हणाले, यंत्र तपासलं, ते बरोबर आहे. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.” त्यांनी मान खाली घातली. “आणि मीच म्हणाले, माझंच चुकलं असेल.”

“का म्हणालात?”

रुक्मिणीबाईंनी उजवा हात पर्सवरून उचलला आणि समोर धरला. बोटं अगदी किंचित थरथरत होती.

“गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून. कुणाला सांगितलं नाही. काम करताना होत नाही, असं मला वाटतं. पण वाटणं वेगळं.” हात परत पर्सवर गेला. “मार्चमध्ये निवृत्ती आहे. आज पाचपर्यंत कागदावर सही मागितलीय, की माझ्या हातून नमुन्यांची अदलाबदल झाली. चुकले असेन तर सही करीन. पण मला कळायला हवं ना, चुकले की नाही? चोवीस वर्षांत एक नळी इकडची तिकडे झाली नाही. तेवढंच कमावलंय मी.”

काशीरामांनी चहाचा कप मालनताईंपुढे सरकवला.

“आज सोमवार, काशीदादा. कडक उपास, चहाही नाही.”

“तरी मी म्हणतंय, दोन कप कशाक सांगितलंय,” असं म्हणून त्यांनी तोही कप स्वतःकडे ओढला.

*

प्रयोगशाळेचे संचालक डॉ. कृणाल केणी उंच, घाईत असलेले गृहस्थ होते. रुक्मिणीबाईंनी तपासाशिवाय सही करायला नकार दिल्यामुळे त्यांनी परवानगी दिली होती, पण घड्याळाकडे बघत.

“आईबापांकडून मुलात उतरणाऱ्या रक्ताच्या एका आजाराची ही तपासणी आहे,” त्यांनी सांगितलं. “डीएनएत खूण सापडली, की पुढचे उपचार, सल्ला, सगळं ठरतं. एका हॉस्पिटलचे लोक शुक्रवारी यंत्र बघायला आले होते. त्यांच्यासमोर ही शोभा झाली.”

“दोन्ही निकाल कुणी कुणी पाहिलेत?”

“मी आणि सर्वेश. सर्वेश तावडे, यंत्र त्यानेच बनवलंय. बाकी कुणाला दाखवायचे नाहीत, परीक्षेचा नियमच आहे तसा.”

त्यांनी दोन कागद पुढे ठेवले. रुक्मिणीबाईंच्या हातच्या कामात खूण सापडलेले नमुने होते तीन, दहा, अकरा, अठ्ठावीस, चाळीस, सत्तावन्न आणि नव्वद. यंत्राच्या कामात सात, चाळीस, सत्तावन्न, एकोणसत्तर, शहाऐंशी, सत्त्याऐंशी आणि चौऱ्याण्णव.

काशीरामांनी बोट फिरवत वाचलं. “इथे पण सात, तिथे पण सात. चाळीस नि सत्तावन्न दोन्हीकडे. बाकी पाच-पाच वेगळे. म्हणजे दहा चुकले.”

“तेच,” डॉक्टर म्हणाले. “थोडे जुळतात, थोडे नाहीत. माणसाची चूक अशीच असते. यंत्र चुकलं तर सरसकट चुकतं. आणि शनिवारी सकाळी माझ्या डोळ्यांसमोर सर्वेशने रंगीत पाणी घालून यंत्र चालवून दाखवलं. शहाण्णवच्या शहाण्णव बरोबर.”

“त्याआधी असं रंगीत पाणी कधी घातलं होतं?”

“आदल्या आठवड्यात. तेव्हाही बरोबर. मध्ये नाही.”

“आणि या शहाण्णव माणसांचं काय?”

डॉक्टर जरा अवघडले. “पुन्हा रक्त द्यायला बोलावलंय. फोन केले सगळ्यांना.”

“काय सांगून?”

“तंत्रज्ञाच्या हातून चूक झाली म्हणून. काहीतरी सांगावं लागतंच ना.”

मालनताईंनी दोन्ही कागद उचलले आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एक कागद उलटा धरला. काशीरामांना वाटलं, चष्मा विसरल्या.

बाहेर आल्यावर काशीराम कुजबुजले, “माझा ऐक. बाईनेच केल्यान. यंत्र इला तर हिची नोकरी गेली. मुद्दाम नळ्यो इकडच्यो तिकडे.”

“मग सही करायला तयार कशी झाली असती? आणि आपल्याकडे कशाला आली असती?”

“ता माका काय ठावक नाय,” काशीराम म्हणाले.

*

यंत्राच्या खोलीला कार्ड लावून उघडणारं दार होतं. आत आधी एक अरुंद जागा, तिथे बेसिन आणि कचऱ्याचा डबा, आणि मग काचेपलीकडे यंत्र. पांढरा, कोपरात वाकणारा हात आणि त्याच्याखाली पांढऱ्या प्लास्टिकची चौकोनी बैठक. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती: बैठक काढू नये.

दारातच सर्वेश तावडे उभा होता. तिशीचा, नीटनेटका. काशीरामांच्या चपलांकडे बघून तो म्हणाला, “काका, त्यावर कव्हर घाला प्लीज. आणि खिशात तंबाखू आहे का? ती बाहेर. इथे धुळीचा कण चालत नाही.”

“आमच्या बसमध्ये बकरी पण चालायची,” काशीराम पुटपुटले, पण तंबाखू बाहेर ठेवून आले.

यंत्रात ट्रे ठेवायचं काम नमिता नावाच्या मुलीकडे होतं. तिला लागून चारच महिने झाले होते.

“सोपं आहे हो,” ती म्हणाली. “सर्वेशसरांचं बाळ आहे ते, पण शहाणं आहे. ट्रेमध्ये शहाण्णव खळगे. ट्रेचा एक कोपरा कापलेला असतो आणि बैठकीच्या एका कोपऱ्यावर काळा ठिपका आहे. ठिपक्याच्या बाजूला कापलेला कोपरा. बस. चुकलं तर वरचा कॅमेरा बघतो आणि बाळ बोंबलतं.”

“शुक्रवारी बोंबललं?”

“अजिबात नाही. मी नीट ठेवला होता. सरांनी सांगितलंय, ठिपका बघायचा, बाकी डोकं लावायचं नाही.” तिने करून दाखवलं. ठिपका तिच्या पोटासमोर, अलीकडच्या कोपऱ्यात होता. ट्रे टक् करून बसला. “शुक्रवारीही असाच. फक्त तेव्हा वाकले तर माझी ओढणी त्या हाताच्या सांध्यात अडकली. पाहुणे बघतायत! सर केवढे चिडले, बापरे.”

“आज नाही अडकली.”

“आज वाकायला कुठे लागलं?” नमिता हसली.

मालनताईही हसल्या. “शुक्रवारी आणखी काही वेगळं दिसलं होतं?”

नमिताने आठवून पाहिलं. “सकाळी आले तेव्हा या डब्यात लाल फडका होता. ओला. रक्ताचा! तो वेगळ्या पिवळ्या पिशवीत टाकायचा असतो. दशरथमामांना मी ओरडले. ते म्हणाले मी टाकलाच नाही. संध्याकाळपर्यंत तसाच पडला होता, लालभडक.”

“संध्याकाळपर्यंत लालभडक,” मालनताई म्हणाल्या. “तुम्ही किती वाजता आला होतात?”

“आठ चाळीस. दाराच्या नोंदीत असेल.”

दशरथ साफसफाई आणि वरकाम बघत. साठीला आलेले, मान तिरपी करून ऐकणारे. बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांनी हात पुसले.

“फडका मी नाही टाकला, ताई. डबा बुधवारी संध्याकाळी रिकामा केला. गुरुवारी दसरा, सुट्टी. शुक्रवारी नमितामॅडमबरोबरच मी आत गेलो, माझ्याकडे कार्ड नाही.”

“बुधवारी खंडेनवमी. इथे पूजा करता का?”

“मी करतो. दरवर्षी. फ्रीज, सगळी मशीनं, लिफ्टसुद्धा. हळदकुंकू, फूल. कुणी सांगत नाही, पण मी करतो.” ते थांबले. “यंदा त्या खोलीपाशी गेलो तर सर्वेशसाहेब दारात उभे. म्हणाले, मामा, ही लॅब आहे, देवघर नाही. सगळे हसले. मीपण हसलो. काय करणार?”

“मग?”

“मग ताट घेऊन परत आलो.”

“शुक्रवारी संध्याकाळी आवरायला तुम्हीच होतात?”

“होय. काही विशेष नव्हतं. सिंकमध्ये निळ्या पाण्याचा एक ट्रे होता, तो धुतला. सात वाजता निघालो. सर्वेशसाहेब एकटे आत काम करत होते.”

काशीरामांनी जांभई दिली. मालनताईंनी नाही.

सर्वेश शेवटी आला. खुर्चीत बसण्याआधी त्याने ती झटकली.

“बैठक काढता येते?” मालनताईंनी विचारलं.

“दोन स्क्रू आहेत. पण काढायची नाही. हाताला प्रत्येक खळग्याची जागा पाठ आहे, बैठक हलली तर सगळं पुन्हा जुळवावं लागतं. माझाच नियम आहे, भिंतीवर लावलाय.”

“हाताला डोळे नाहीत का?”

“कॅमेरा फक्त कोपरा आणि ठिपका जुळलाय का ते बघतो. हात आपल्या पाठ केलेल्या जागी जातो.”

“शुक्रवारी या डब्यात रक्ताचा फडका होता म्हणे.”

“असेल,” सर्वेश म्हणाला.

“दशरथमामांची पूजा तुम्ही आत येऊ दिली नाहीत.”

“हळद, कुंकू, तांदूळ, इथे? मॅडम, हा काही लेथचा कारखाना नाही.”

“तुमचे वडील काय करायचे?”

त्याने खिशातलं पेन सरळ केलं. “विक्रोळीला होते. कंपनीत. इंजिनीअरिंगमध्येच.”

“आहेत?”

“नाहीत. आई आहे.”

तो गेल्यावर मालनताईंनी दाराच्या नोंदीचा कागद मागवला. मग त्या डॉक्टरांकडे गेल्या.

“रुक्मिणीबाई खाली थांबल्यात, त्यांना वर बोलवा. आणि बाकी सगळ्यांनाही. मला असं चारचौघांत बोलायला आवडत नाही. पण त्यांचं नाव चारचौघांत गेलंय. ते चारचौघांतच परत यायला हवं.”

*

पावणेपाच वाजले होते. टेबलाभोवती सगळे बसले. दशरथ दाराशी उभे राहिले, तेव्हा मालनताईंनी त्यांना खुर्ची दाखवली. टेबलावर सहीचा कागद आणि पेन आधीच ठेवलेलं होतं. रुक्मिणीबाई त्या कागदाकडे बघत नव्हत्या.

“काशीदादा, रुक्मिणीबाईंचे आकडे वाच.”

“तीन.”

“चौऱ्याण्णव,” यंत्राच्या यादीवर बोट ठेवून मालनताई म्हणाल्या.

“दहा.”

“सत्त्याऐंशी.”

“अकरा.”

“शहाऐंशी. अठ्ठाविसाला एकोणसत्तर. चाळिसाला सत्तावन्न. सत्तावन्नला चाळीस. नव्वदला सात. प्रत्येक जोडीची बेरीज सत्त्याण्णव. एकही अपवाद नाही.”

काशीरामांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. “अप आणि डाऊन! शहाण्णव स्टॉप असले तर जाताना तिसरा तो येताना चौऱ्याण्णवावा. मार्ग तोच, मोजला दुसऱ्या टोकाकडून!”

“तेवढंच झालं. यंत्राने ट्रे उलट्या टोकाकडून मोजला. चाळीस आणि सत्तावन्न एकमेकांच्या जागी गेले, दोघांतही खूण होती, म्हणून ते जुळल्यासारखे दिसले आणि सगळे फसले. थोडं चुकलं नव्हतं. सरसकट चुकलं होतं. डॉक्टर, माणसाचे हात शहाण्णव नळ्या इतक्या शिस्तीने उलटवत नाहीत.”

डॉक्टरांनी कागद ओढून घेतले. त्यांचे ओठ आकडे मोजत हलत होते. “पण ट्रे उलटा ठेवला असता तर कॅमेऱ्याने...”

“ट्रे ठिपक्याच्या बाजूनेच होता. नमिता खरं बोलतेय. ठिपकाच पलीकडे गेला होता. आज तो तिच्या पोटासमोर आहे. शुक्रवारी तिला वाकून पलीकडे हात घालावा लागला, म्हणून ओढणी अडकली. बैठक काढून उलट्या दिशेने बसवलेली होती. कोपरा ठिपक्याशी जुळला, कॅमेरा खूश, नमिता खूश. हात मात्र पाठ केलेल्या जागी गेला.”

“बैठक कोण काढील?” नमिता म्हणाली. “आणि का?”

“धुवायला.” मालनताई उठल्या. त्यांनी दशरथांकडून चिमूटभर हळद मागून घेतली होती. ओल्या पांढऱ्या फडक्यावर ती चोळली. डाग पिवळा पडला. मग बेसिनवरून आणलेल्या बाटलीतला साबण त्यावर ओतून त्यांनी फडका चुरगळला आणि उघडून टेबलावर ठेवला.

तो लाल होता.

“अय्या!” नमिता ओरडली.

“हळदीला साबण लागला की ती लाल होते, घरात कपडे धुणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे. रक्त वाळलं की काळपट पडतं. तो फडका संध्याकाळपर्यंत लालभडक राहिला. ते रक्त नव्हतं. कुणीतरी यंत्राच्या बैठकीवरची हळद साबणाने पुसली होती.”

सगळ्यांनी दशरथांकडे पाहिलं. त्यांनी घाबरून हात जोडले.

“त्यांच्याकडे नका बघू,” मालनताई आणखी हळू म्हणाल्या. “ते ताट घेऊन दारातून परत गेले होते. डबा बुधवारी संध्याकाळी रिकामा झाला. फडका शुक्रवारी आठ चाळीसला दिसला. त्या मधल्या वेळात हे दार एकाच कार्डाने एकदाच उघडलं. शुक्रवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी.”

मालनताईंनी नोंदीचा कागद डॉक्टरांपुढे सरकवला.

“आणि डॉक्टर, तुम्ही म्हणालात, मध्ये रंगीत पाणी घातलं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी सिंकमध्ये निळ्या पाण्याचा ट्रे होता. म्हणजे शनिवारच्या आधीच कुणीतरी एकट्याने यंत्र चालवून पाहिलं, चूक पकडली आणि बैठक सरळ केली. शनिवारी ते बरोबर चालणारच होतं.” त्या सर्वेशकडे वळल्या. “मी रक्ताच्या फडक्याबद्दल सांगितलं, तेव्हा तुम्ही ‘असेल’ म्हणालात. तंबाखूची पुडी आत येऊ न देणारा माणूस, यंत्राजवळ रक्त सापडलं म्हटल्यावर विचारतोच, कुणाचं, कुठे लागलं? तुम्हाला विचारायची गरज नव्हती. तुम्हाला ठाऊक होतं ते रक्त नाही.”

सर्वेशने टेबलाच्या कडेवर दोन्ही तळवे ठेवले होते. त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

“बाबा लेथवर होते,” तो म्हणाला. “इंजिनीअर नव्हते. मी इथे सगळ्यांना तसं सांगितलंय, ते खोटं आहे. खंडेनवमीला ते आधी मशीनला कुंकू लावायचे. एका वर्षी कारखान्यात घाई होती, राहून गेलं. त्याच महिन्यात त्यांची दोन बोटं गेली. आईने गुरुवारी विचारलं, तुझ्या यंत्राची पूजा केलीस ना? मी हो म्हणालो. मग झोप लागेना. शुक्रवारी सकाळी तिच्या देव्हाऱ्यातली हळदीची पुडी उचलली.”

“तुम्ही?” नमिताच्या तोंडून निघून गेलं. “तुम्ही तर मामांना...”

“हो. मी.” त्याचे कान लाल झाले होते. “लावताना पुडी सांडली. बैठकीच्या भेगांत गेली. पाहुणे दहाला येणार. काढली, धुतली, घाईत बसवली. ठिपका कुठे होता ते बघितलं नाही. संध्याकाळी यादी बघितली आणि कळलं.”

“मग शनिवारी?” डॉक्टरांनी विचारलं.

“शनिवारी सांगणार होतो, सर. घरून ठरवून निघालो होतो. पण खोलीत सगळे बसलेले. बुधवारी त्याच लोकांसमोर मी मामांना हसलो होतो. तोंडच उघडेना. तेवढ्यात रुक्मिणीताई म्हणाल्या, माझंच चुकलं असेल.” तो थांबला. “मग सोपं झालं.”

रुक्मिणीबाईंनी सहीचा कागद उचलला, त्याची आधी एक घडी घातली, मग दुसरी.

“तीन दिवस मी काय करतेय ठाऊक आहे?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “पेला काठोकाठ भरायचा आणि हातात धरून उभं राहायचं. सांडतं का बघायचं. सून विचारते, आई काय करताय, तर म्हणायचं, काही नाही गं. माझ्याच हातांवर पाळत ठेवली मी. त्यांचीच लाज वाटायला लागली मला.”

“ताई, माझं...”

“थांब. पूजा केलीस, त्याची लाज वाटली तुला?”

“हो.”

“आणि माझी नाही वाटली.”

दशरथ जागेवरून उठले, त्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास भरून रुक्मिणीबाईंसमोर ठेवला. त्या प्यायल्या. ग्लास परत ठेवताना त्यांनी हाताकडे बघितलं नाही.

“चूक माझीही आहे,” डॉ. केणी म्हणाले. “दोन्ही याद्या माझ्यासमोर होत्या. मी चुका मोजल्या, बघितल्या नाहीत. उद्या सकाळी सगळ्यांना पत्र जाईल. शहाण्णव घरांना फोन जातील, खरं काय ते सांगणारे. आणि सर्वेश, तुझं काय करायचं ते नंतर ठरवू.”

“पंच्याण्णव,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

“काय?”

“फोन पंच्याण्णव घरांना करा. एका घरी फोन नको.” त्या सर्वेशकडे वळल्या. “वेसाव्याला, म्हणजे तुमच्या वर्सोव्याला, सगुणाबाई म्हणून आहे, सुकी मासळी विकते. तिच्या पोरीला पाचवा महिना आहे. पहिलं बाळ याच आजाराने गेलं. पोरगी सुईला घाबरते, म्हणून तिचं रक्तही मीच काढते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. शनिवारी सगुणाबाईला फोन गेला. काल ती माझ्या दारात येऊन गेली. भांडली नाही. नुसती म्हणाली, बाई, तुझ्या भरोशावर होते. आणि गेली.”

“मी फोन करतो त्यांना, आत्ता...”

“फोन नको म्हटलं ना? फोनवरूनच माझं नाव गेलं तिच्याकडे. तू जा. समोर उभा राहा. सगळं सांग, पुडीसकट. माझा हात चुकला नव्हता, हे तिला तुझ्या तोंडून कळू दे.”

सर्वेशचा चेहरा उतरला होता. इथल्या सहा माणसांसमोर बोलणं आणि वेसाव्याच्या एखाद्या दारात, अनोळखी बायकांसमोर, वडिलांच्या बोटांपासून सगळं सांगणं, यांतलं अंतर तो मनात मोजत असावा.

“जाईन,” तो म्हणाला.

“कधी?”

“आजच. वचन देतो.”

डॉक्टरांनी नमुन्याचा नंबर शोधला. बावीस. रुक्मिणीबाईंच्या यादीत नव्हता, खूण नव्हती. त्यांनी स्वतः अहवालावर सही केली, पाकीट बंद केलं आणि सर्वेशच्या हातात दिलं. रुक्मिणीबाईंनी पाकिटावर पोरीचं नाव वाचलं, आणि मग नंबर.

*

मालनताई आणि काशीराम मरोळ नाक्याला मेट्रोचा जिना चढून वर आले. घाटकोपरला उतरून पुढे मुलुंड. फलाटावर कामावरून सुटलेल्या माणसांची गर्दी होती.

“पण माका सांग,” काशीराम म्हणाले, “फडक्याचा तुका कधी कळला?”

“ती लालभडक म्हणाली तेव्हाच. आकड्यांचं आधी कळलं होतं. पण तू मला मध्येच बकरी ऐकवलीस.”

“खरीच होती गो बकरी. पाच रुपयांचा तिकीट काढलेलान तिचा.” मग ते अचानक थांबले आणि त्यांनी हात दाखवला. “तो बघ. समोर.”

रुळांपलीकडच्या फलाटावर सर्वेश उभा होता. बॅग पाठीवर, पाकीट हातात. घडी पडू नये म्हणून त्याने ते आडवं, दोन्ही हातांत धरलं होतं. त्याने त्यांना पाहिलं नाही.

“अरे, पण ह्याचा घर तर घाटकोपरात ना? डॉक्टर सांगत होते. चुकीच्या बाजूक उभो रवलो.”

मालनताई त्याच्या हातातल्या पाकिटाकडे बघत होत्या.

वर्सोव्याची गाडी आली. दारं उघडली, माणसं उतरली, चढली. सर्वेश सगळ्यांच्या मागून, कुणाला धक्का न लावता आत शिरला आणि दाराशीच उभा राहिला. दारं लागली.

गाडी गेली तेव्हा समोरच्या फलाटावर कुणी नव्हतं.